अंगकोरची माणसं गेली कुठे? ख्मेर साम्राज्याचा उदय आणि उतार

हेडफोन लावलेत का? नसतील लावले आणि तुम्ही हे बसमध्ये उभ्याउभ्या वाचत असाल, तरी चालेल. नेहमीप्रमाणे भागाचं लिखित रूप इथे देतेय. बोलताना जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

आजची सुरुवात माझ्या एका चुकीपासून. काही महिन्यांपूर्वी आपण जगातल्या जुन्या शहरांवर एक भाग केला होता. त्यात मी घाईघाईत म्हणून गेले की, १४३१ मध्ये सयामच्या सैन्याने कंबोडियातलं अंगकोर लुटलं, शहर ओस पडलं, जंगलाने ते गिळलं आणि चारशे वर्षांनी एका फ्रेंच माणसाने ते शोधून काढलं. सहाशे वर्षांचं साम्राज्य मी एका दमात संपवलं! त्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. फक्त एवढीच: "ताई, शहर सापडलं म्हणता, पण मग तिथली माणसं कुठे गेली होती?"

मला उत्तर देता आलं नाही. मग वाचायला बसले. आणि लक्षात आलं की माझ्या त्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक तुकडा तपासून घ्यायला हवा होता. तर आजचा भाग त्या प्रश्नासाठी.

आधी फोनवर नकाशा उघडा

खरंच उघडा. कंबोडिया शोधा. देशाच्या मधोमध एक मोठा निळा डाग दिसेल. ते तोनले साप सरोवर. त्याच्या उत्तरेला सिएम रीप नावाचं शहर आहे, त्याला लागूनच अंगकोर. अजून वर सरकलात की डोंगर लागतात, ते कुलेन. आता सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि सिएम रीपच्या पश्चिमेला बघा. पट्टीने आखल्यासारखा एक लांबलचक आयत दिसतोय? तो माणसांनी बांधलेला तलाव आहे, जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्याकडे आपण परत येऊ.

या प्रदेशाची गंमत अशी की मे ते ऑक्टोबर पाऊस, आणि नंतर कित्येक महिने कोरडे. पावसाळ्यात मेकाँग नदी एवढी फुगते की तिला येऊन मिळणारी तोनले साप नदी चक्क उलटी वाहू लागते. एरवी सरोवरातून मेकाँगकडे जाणारं पाणी मेकाँगकडून सरोवरात शिरतं. सरोवर उन्हाळ्यातल्या आकाराच्या चार-पाच पट पसरतं. पाणी ओसरलं की मागे सुपीक गाळ आणि ढीगभर मासे. ख्मेर लोकांच्या जेवणातले भात आणि मासे इथून आले.

म्हणजे प्रश्न काय होता, तर सहा महिने पाणी आवरत नाही आणि सहा महिने पुरत नाही. हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. ख्मेर राजांनी त्यावर जे उत्तर काढलं, त्यातच त्यांचा उदय आहे. आणि पुढे जाऊन त्यातच त्यांचा उतारही आहे.

डोंगरावरचा राजा

गोष्ट सुरू होते इसवी सन ८०२ मध्ये. त्याआधी या भागात छोटीछोटी राज्यं होती, आपसात भांडणारी. जयवर्मन दुसरा या राजाने त्यातली बरीचशी एकत्र आणली आणि कुलेन डोंगरावर विधी करून स्वतःला चक्रवर्ती जाहीर केलं. त्या डोंगराचं तेव्हाचं नाव महेंद्रपर्वत. हे सगळं आपल्याला मुख्यतः स्दोक काक थोम इथल्या शिलालेखातून कळतं. हा लेख अकराव्या शतकातला आहे, म्हणजे घटनेनंतर अडीचशे वर्षांनी कोरलेला. त्यामुळे त्यात राजाचं थोडं कौतुक जास्तच असणार, हे धरून चाला.

नावं ओळखीची वाटतायत ना? जयवर्मन, महेंद्रपर्वत, पुढे इंद्रवर्मन, सूर्यवर्मन. 'अंगकोर' हा शब्दसुद्धा संस्कृत 'नगर' या शब्दाचं ख्मेर रूप. पण म्हणून "आपण तिथे राज्य केलं" असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर पुढे ढकलू नका. भारतातून तिथे व्यापारी गेले, ब्राह्मण गेले, देव आणि लिपी गेली. सैन्य पाठवून कुणी ते राज्य वसवलं नाही. ख्मेर राजांना जे उपयोगाचं वाटलं ते त्यांनी घेतलं आणि स्वतःचं करून टाकलं. त्यांच्या शिलालेखांतच ते दिसतं. देवाची आणि राजाची स्तुती संस्कृत श्लोकांत, आणि जमीन किती, तांदूळ किती, देवळाला सेवक किती हा हिशेब ख्मेर भाषेत. कौतुक एका भाषेत, व्यवहार दुसऱ्या भाषेत!

गादीवर बसलात? आता तळं बांधा

जयवर्मन दुसऱ्यानंतर काही वर्षांनी, ८७७ मध्ये, इंद्रवर्मन पहिला राजा झाला. त्याच्या शिलालेखात त्याची प्रतिज्ञा नोंदवलीय की पाच दिवसांच्या आत खोदकामाला हात घालीन. आणि त्याने ते केलं. इंद्रतटाक नावाचा तलाव, लांबी जवळजवळ ३.८ किलोमीटर. तटाक म्हणजे तळं.

मग तो पायंडाच पडला. नव्या राजाने काय करायचं, तर तलाव बांधायचा, पूर्वजांसाठी देऊळ बांधायचं आणि मग स्वतःचं डोंगरासारखं उंच मंदिर उभारायचं. इंद्रवर्मनच्या मुलाने, यशोवर्मनने, राजधानी आजच्या अंगकोरला हलवली आणि पूर्वेचा तलाव बांधला, ७.५ किलोमीटर लांब आणि १.८ किलोमीटर रुंद. अकराव्या शतकात त्याहून मोठा पश्चिमेचा तलाव झाला, ८ किलोमीटर बाय २.१ किलोमीटर. मघाशी नकाशात पाहिलात तोच. या तलावांना ख्मेर भाषेत बाराय म्हणतात.

आता बाराय बांधायचा कसा? आपल्याला वाटतं मोठा खड्डा खणला असेल. तसं नाही. सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे उंच बांध घातले आणि आत पाणी साठवलं. म्हणजे पाण्याची पातळी भोवतालच्या शेतांपेक्षा वर. बांधाला वाट करून दिली की पाणी आपोआप उतारावर खाली जाणार, उपसायची गरज नाही. कुलेन डोंगरातून येणाऱ्या नद्या कालवे काढून या तलावांकडे वळवल्या, आणि तिथून पाणी दक्षिणेला शेतांकडे आणि शेवटी तोनले साप सरोवरात. डोंगरात कबाल स्पियन नावाची जागा आहे, तिथे नदीच्या पात्रातच शेकडो शिवलिंगं कोरलीयत. शेतात येणारं पाणी आधी देवावरून वाहून यायचं. पाणी, धर्म आणि सत्ता यांची गाठ इतकी पक्की होती.

इथे अभ्यासकांचं एक जुनं भांडण आहे. बर्नार-फिलिप ग्रॉलिए या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाचं म्हणणं होतं की अंगकोर हे मुळात पाण्याचं शहर, सिंचनावर उभं राहिलेलं. इतरांनी विचारलं, या तलावांतून पाणी बाहेर काढायची सोय कुठे दिसते? हे तर नुसते पूजेचे, दिखाव्याचे तलाव. नंतर जमिनीवर फिरून आणि आकाशातून मोजणी करून पाणी आत घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या वाटा सापडल्या. म्हणजे तलाव पूजेचेही होते आणि कामाचेही.

जंगलाखाली काय होतं?

अंगकोरचे फोटो बघितलेत तर फक्त देवळं दिसतात. घरं कुठायत? उत्तर सोपं आहे. दगड फक्त देवांसाठी. राजाचा वाडासुद्धा लाकडाचा. सामान्य माणसाचं घर लाकूड-बांबूचं, वर गवताचं छप्पर. हे सगळं कुजून गेलं. उरले ते मातीचे उंचवटे, ज्यांवर घरं होती, आणि घराशेजारची छोटी तळी.

हे उंचवटे झाडीत दिसत नव्हते. २०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लायडार मोजणी झाली. लायडार म्हणजे काय, तर वरून लेझरचे लाखो ठोके सोडायचे. बरेचसे पानांवर आपटतात, पण काही फटींतून थेट जमिनीपर्यंत जातात. कम्प्युटरवर पानं वजा केली की जमिनीचा उघडा आकार दिसतो. आणि दिसलं काय? रस्ते, चौकोनी वस्त्या, तळी, बांध. दाट शहर मध्ये, आणि भोवती हजारएक चौरस किलोमीटरपर्यंत पसरलेली शेतं, वस्त्या आणि कालवे. २०२१ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तेराव्या शतकातली लोकसंख्या ७ ते ९ लाख असावी असा अंदाज दिलाय. त्या काळात एवढी माणसं असलेली शहरं जगात मोजकीच.

शिखर, आणि त्याची किंमत

१११३ मध्ये सूर्यवर्मन दुसरा गादीवर आला आणि त्याने अंगकोर वाट बांधायला घेतलं. विष्णूचं मंदिर, तोंड पश्चिमेला, भोवती सुमारे १९० मीटर रुंद खंदक. दगड कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून कालव्यांनी आणला. भिंतींवर समुद्रमंथन, कुरुक्षेत्र, राजाची फौज.

नंतर चाम लोकांशी युद्धं झाली आणि ११८१ मध्ये आला जयवर्मन सातवा. हा बौद्ध. त्याने अंगकोर थोमची तटबंदी, मोठ्या हसऱ्या चेहऱ्यांचं बायोन मंदिर, ता प्रोहम, रस्ते, रस्त्यांवर विश्रांतीगृहं आणि राज्यभर १०२ रुग्णालयं उभारली. बायोनच्या भिंतींवर तर साधी माणसं कोरलीयत. बाजारात बसलेल्या बायका, मासे पकडणारे, कोंबड्यांची झुंज लावून ओरडणारे लोक. मला अंगकोरमधलं सगळ्यात आवडतं काही असेल तर ते हे.

पण ता प्रोहमचाच शिलालेख आणखी एक हिशेब देतो. त्या एका देवळासाठी ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं लावून दिली होती. एका देवळासाठी! तांदूळ पिकवणारे, वाहणारे, स्वयंपाक करणारे, नाचणारे. १२९६ मध्ये झोउ दागुआन नावाचा चिनी अधिकारी अंगकोरला आला आणि वर्षभर राहिला. त्याने लिहिलंय की इथला व्यापार बायकांच्या हातात आहे, वर्षाला तीन-चार पिकं निघतात. आणि हेही लिहिलंय की घरोघरी गुलाम आहेत, आणि सयामशी झालेल्या लढाईत प्रदेश उजाड झालाय. म्हणजे १४३१ च्या कितीतरी आधीपासून भांड्याला तडे जायला लागले होते.

पावसाने साथ सोडली

आता मुख्य मुद्दा. पाचशे वर्षं राजे या पाण्याच्या जाळ्यात भर घालत गेले. नवा कालवा, नवा बांध, जुन्याला नवा जोड. जाळं जितकं मोठं, तितकं ते एकमेकांत अडकलेलं. एका ठिकाणी बिघडलं की त्याचा ताण पुढच्या ठिकाणी. आणि हे सगळं बांधलं होतं एका गृहीतावर: पाऊस साधारण आजवर पडला तसाच पडेल.

तो तसा पडला नाही. हे कळलं झाडांमुळे. व्हिएतनामच्या डोंगरांत शेकडो वर्षं जगणारी एक सुरूच्या जातीतली झाडं आहेत. चांगल्या पावसाच्या वर्षी खोडातलं वर्तुळ रुंद, दुष्काळात अरुंद. ही वर्तुळं मोजून शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलं की चौदाव्या शतकाच्या मध्याला काही दशकं दुष्काळ पडला, पंधराव्याच्या सुरुवातीला पुन्हा पडला, आणि अधूनमधून अतिशय जोराचे पावसाळे झाले.

हा जोडीचा मार वाईट. दुष्काळात कालवे गाळाने आणि झाडोऱ्याने भरतात, लोक पाण्यासाठी इकडचा मार्ग तिकडे वळवतात. मग एकदम महापूर. पाणी ठरलेली वाट सोडून धावतं, कालवा खरवडून खोल करतं आणि ती वाळू खाली दक्षिणेच्या कालव्यांत नेऊन टाकते. अंगकोरमध्ये स्पियन थमा नावाचा जुना दगडी पूल आहे. तो देवळांचे दगड पुन्हा वापरून बांधलाय. आज नदी त्या पुलाखालून वाहतच नाही. ती बाजूने गेलीय आणि तिचं पात्र कित्येक मीटर खाली गेलंय. आता विचार करा. नदीच खाली गेली तर उंचावरच्या कालव्यात पाणी चढणार कसं? गुरुत्वाकर्षणावर चालणारी सगळी व्यवस्था तिथेच थांबली.

फक्त पाऊस दोषी, असं मी म्हणणार नाही. आयुत्थयाच्या सयामी राज्याशी युद्धं चालूच होती. लोकांमध्ये थेरवाद बौद्ध धर्म रुजला आणि त्यात देवासारख्या राजाला, त्याच्या पर्वताएवढ्या मंदिराला पूर्वीसारखी जागा नव्हती. चीनशी समुद्रमार्गे व्यापार वाढत होता, आणि त्यासाठी सरोवराच्या वरच्या टोकापेक्षा नदीकाठची नोम पेन्हजवळची जागा सोयीची होती. अंगकोर थोमच्या खंदकातला गाळ तपासला तर दिसतं की शहराच्या मधल्या भागातली वर्दळ चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच हळूहळू कमी होत गेलीय. ज्यांना जाणं शक्य होतं ते आधीच निघायला लागले होते. १४३१ ची स्वारी झाली तेव्हा शहर अर्धं मोकळं झालेलं होतं.

मग माणसं गेली कुठे?

काही दक्षिणेला गेली, नव्या राजधानीकडे. आणि बरीचशी कुठेच गेली नाहीत. राजा गेला, दरबार गेला, मोठे तलाव सांभाळणारी यंत्रणा गेली. पण पावसावरचा भात लावणारा शेतकरी आणि सरोवरातला कोळी तिथेच राहिला. अंगकोर वाटमध्ये विष्णूच्या जागी बुद्ध आला आणि पूजा चालू राहिली. सोळाव्या शतकात ख्मेर राजाने तिथल्या अपुऱ्या राहिलेल्या भिंतींवर नवी शिल्पं कोरून घेतली. १६३२ मध्ये एका जपानी यात्रेकरूने खांबावर आपला लेख लिहून ठेवला, तो आजही आहे.

आणि या गोष्टीत गोवाही आहे बरं का! अंतोनियो दा मादालेना हा पोर्तुगीज धर्मगुरू १५८६ च्या सुमारास अंगकोर बघून आला. त्याने जे सांगितलं ते गोव्यात पोर्तुगीजांचं दप्तर सांभाळणाऱ्या दिओगो दो कौतो या इतिहासकाराने लिहून ठेवलं. ते वर्णन छापून यायला विसावं शतक उजाडलं.

माझा 'शोध लावणारा' फ्रेंच माणूस म्हणजे आंरी मुओ. तो आला १८६० मध्ये. त्याच्या दहा वर्षं आधी दुसरा एक फ्रेंच मिशनरी येऊन गेला होता, आणि तेव्हाही तिथे भिक्षू राहत होते. मुओ लवकरच लाओसमध्ये वारला. त्याची रोजनिशी पॅरिसमध्ये छापली गेली आणि 'हरवलेलं शहर' ही कल्पना गाजली. १८६३ मध्ये फ्रान्सने कंबोडियाला आपल्या संरक्षणाखाली घेतलं होतं. "यांचं वैभव यांनाच आठवत नाही, आम्ही ते परत मिळवून देतोय" ही गोष्ट राज्य करणाऱ्याला किती सोयीची आहे बघा.

ही गोष्ट वेगळ्या टोकाने सांगणारेही झाले. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजने झेंड्यावर अंगकोरचे मनोरे लावले आणि हेक्टरी तीन टन भाताचं स्वप्न दाखवून लाखो माणसांना कालवे आणि बांध खणायला जुंपलं. भूक, आजार आणि कत्तल यांत १५ ते २० लाख माणसं मेली. फक्त वैभव आठवायचं आणि त्याखाली राबणारे ७९,३६५ विसरायचे, याचा शेवट असाही होऊ शकतो.

आज अंगकोर वाट वाळूच्या दाबून बसवलेल्या पायावर उभं आहे आणि ती वाळू घट्ट राहायला जमिनीतलं पाणी लागतं. सिएम रीपमध्ये पर्यटकांसाठी हॉटेलं वाढली तसा पाण्याचा उपसा वाढला. मग तिथल्या संवर्धन यंत्रणेने जुने कालवे साफ केले, जयवर्मन सातव्याचा उत्तरेचा बाराय पुन्हा भरला. आठशे वर्षांपूर्वीचा तलाव आज परत कामाला लागलाय, आणि त्याच्या काठावरचा माणूस ख्मेरच बोलतो.

तर त्या श्रोतीला उत्तर: बाई गं, माणसं तिथेच होती. मी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. तुझी व्हॉइस नोट आली नसती तर बघितलंही नसतं.

तुम्हालाही माझं काही चुकलेलं दिसलं तर असंच कळवत जा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!